एका मुकुटाची बाई

असिमिनाचं फुलांचं दुकान आमच्या चर्चच्या अगदी समोर आहे. मध्ये चौक, चौकात चिनाराचं झाड, झाडाखाली कॉफीवाल्याच्या चार खुर्च्या, एवढंच अंतर. जागा मोक्याची. लग्न असो, बाप्तिस्मा असो, मयत असो, चर्चची पायरी चढण्याआधी माणूस तिच्या दारावरूनच जातो. तीस वर्षं ती त्या दुकानात उभी आहे, आणि उभी म्हणजे खरोखरच उभी. फुलांचं काम बसून होत नाही. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, तिने तो अजून मंजूर केलेला नाही.

ती मूळची आमच्या डोंगरातली नाही. खालच्या मैदानातली, कार्दित्साकडची, जिथे नजर जाईल तिथे कापूस. शाळेत सहावीपर्यंत गेली, पण सप्टेंबर ते नोव्हेंबर तिची शाळा शेतातच भरायची. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या बाजूने आत घुसतात, हे ज्याने कापूस वेचला त्यालाच ठाऊक. विसाव्या वर्षी वरच्या गावातल्या झिसिसचं स्थळ आलं. तो लाकडाच्या वखारीत कामाला. मावशा म्हणाल्या, "अगं, वर पाच महिने बर्फ असतं, करशील काय तिथे?"

"तिथे कापूस पिकत नाही ना?" असिमिनाने विचारलं. "मग काढा तारीख."

सदतीस वर्षं संसार झाला. मूलबाळ नाही, पण घरात बोलणं कधी थांबलं नाही. संध्याकाळी ती दुकानातून यायची ती बोटं निळी घेऊन, कारण फुलांच्या खोलीत शेगडी पेटवत नाहीत, फुलं माना टाकतात. झिसिस तिचे हात आपल्या काखेत धरून बसायचा आणि वर म्हणायचा, "मासळीवाल्याची बायको परवडली. निदान रात्रीच्या जेवणाची सोय झाली असती."

गेल्या जूनमध्ये तो दुपारी जेवायला आला, हात धुतले, टॉवेल मागितला. ती टॉवेल घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

तेव्हापासून असिमिना दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत आहे. आणि इथेच तिच्या धंद्याला खीळ बसली.

आमच्याकडे लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर दोन हलके मुकुट ठेवतात, एकाच फितीने जोडलेले. पुढे ते काचेच्या पेटीत घालून पलंगाच्या डोक्याशी टांगतात. दोघांतलं एक गेलं की बाई मोडक्या मुकुटाची झाली. लग्नाआधी नवरीचा पलंग घालायचा असो, साखरेचे बदाम जाळीत बांधायचे असोत, की गुच्छ बांधायचा असो, त्याला एका मुकुटाची बाई लागते, एकदाच लग्न झालेली आणि नवरा जिवंत असलेली. विधवेचा हात लागला तर नवरीच्या नशिबाला नाट लागतो म्हणतात. मयताच्या पुष्पचक्राला मात्र कुणाचाही हात चालतो. मेलेल्याचं आणखी काय बिघडणार?

ऑगस्टमधल्या तीन लग्नांची कामं ठरलेली होती, ती एकेक करून गेली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. एकीची मावसबहीण अचानक फुलं शिकून आली होती. दुसरीने म्हणे कागदाची फुलं करायचं ठरवलं. तिसरीची आई नुसतीच आली नाही आणि तेव्हापासून चौक ओलांडताना चिनाराच्या पलीकडच्या बाजूने जायला लागली. पाच महिन्यांत असिमिनाने एकोणीस पुष्पचक्रं केली आणि गुच्छ एकही नाही.

अशात नोव्हेंबरमध्ये उरानिया आली, हातात फोन घेऊन.

उरानियाला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून असिमिनानेच उचलून घेतलं होतं. म्हणून ती तिची नोना, देवासमोरची आई. जन्म दिलेली आई आणि बाप दोघं वीस वर्षांपासून जर्मनीत, हॉटेलच्या स्वयंपाकघरात. ते लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विमानातून उतरणार होते. तेव्हा लग्नाचा सगळा घोळ नोनाच्याच गळ्यात येणार, हे सांगायला नको. नवरामुलगा लांब्रोस, आमच्या चीजवाल्यांचा धाकटा. नाताळाआधीच्या उपासात लग्न लागत नाही, म्हणून जानेवारीतला तिसरा रविवार धरला होता.

"नोना, मला हिवाळ्याचं लग्न हवंय," उरानिया म्हणाली.

"जानेवारीत दुसरं कुठलं मिळणार, बाई?"

"तसं नव्हे गं. सगळी मांडणीच हिवाळ्याची. हे बघ." तिने फोनवर बोट फिरवायला सुरुवात केली. "सगळं पांढरं आणि रुपेरी. टेबलावर सुक्या फांद्या, पाईनचे शंकू, जाड लोकरीचे धागे गुंडाळलेल्या मेणबत्त्या. दारात पाहुण्यांना दालचिनी घातलेली गरम वाईन. खुर्च्यांवर मेंढीची कातडी."

असिमिनाने चष्मा लावून सगळे फोटो पाहिले. "फांद्या, शंकू, लोकर, मेंढी. म्हणजे आपल्या मागच्या अंगणात जे पडलंय तेच पाहुण्यांसमोर मांडायचं. तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, हिवाळा फुकट मिळतो तो आणखी जेवणाच्या टेबलावर कशाला?"

"आणि गुच्छात..." उरानियाने शेवटचा फोटो पुढे केला. "कापसाची बोंडं. पांढरे गुलाब, ऑलिव्हची पानं, फर झाडाच्या डहाळ्या आणि मधून मधून बोंडं. किती गोड दिसतात ना?"

असिमिनाने चष्मा काढला. ज्याच्यापासून पळून ती अर्ध्या आकाशाएवढा डोंगर चढली, तो कापूस सदतीस वर्षांनी फोनमध्ये बसून दारात आला होता, आणि आता तो गोड दिसत होता.

"बोंडं मिळतील," ती म्हणाली. "पण गुच्छ खाली त्रिकाला शहरातल्या दुकानातून कर. मी काळ्यात आहे, पोरी."

"मला माहीत आहे तू काळ्यात आहेस. मी आंधळी नाही."

"तू आंधळी नाहीस, पण तुझ्या सासूला दोन जादा डोळे आहेत."

"लग्न सासूचं नाही."

"हे तिला माझ्यासमोर सांग. मला बघायचंय."

उरानियाने नोनाच्या गालाची पापी घेतली आणि गेली. ठरलं ते ठरलं, अशा चालीने.

आता खरं सांगायचं तर असिमिनाला दोन्ही वाटत होतं. एक मन म्हणत होतं, सुटू दे. पायात गोळे येतात, पाठ पहाटेपासून बोलायला लागते, रिकाम्या घरात जाऊन सूप गरम करायचाही कंटाळा येतो, त्यात कुणाच्या सासूशी कोण भांडणार? पण दुसरं मन हिशेबी होतं. आपल्या हातांनी पाण्यातून उचललेल्या पोरीचा गुच्छसुद्धा त्रिकालाहून आला, तर गावाला पक्कं कळणार. तिथून पुढे तिच्या दारात फक्त मेलेल्यांचे नातेवाईक येणार. मग ती फुलवाली राहणार नाही, मयताची बाई होणार. आणि अजून दहा वर्षं तरी तिला त्या दुकानावर जगायचं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोलिक्सेनी आली. लांब्रोसची आई. अंगाने भारदस्त, केसाळ कॉलरचा कोट, पर्स नेहमी पोटाशी धरलेली, जणू पर्समध्ये कुणाचं तरी गुपित आहे.

"असिमिना, मनात काही आणू नकोस हं," तिने दारातूनच सुरुवात केली.

"तू असं म्हणालीस म्हणजे लांबणार. थांब, खुर्ची देते."

पोलिक्सेनी बसली. "तुझ्या हाताबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझ्यासारखा हात आख्ख्या डोंगरात नाही. पण मला आता हा एकच राहिलाय. थोरल्याचं काय झालं ते तू पाहिलंस. दोन वर्षंसुद्धा धड टिकलं नाही. नातू महिन्यातून एकदा दिसतो, तोही आईच्या गाडीतून उतरत नाही, काचेतून हात हलवतो. मी पुन्हा ते नाही सोसू शकत. या वेळी मला सगळं नीट हवंय. अगदी सगळं."

थोरल्याच्या लग्नातला गुच्छ असिमिनानेच केला होता. तेव्हा झिसिस धडधाकट होता, घरातला मुकुट अखंड होता, आणि तरी ते लग्न फाटलं. हे शब्द असिमिनाच्या जिभेच्या टोकावर आले. तिने ते गिळले. समोरची बाई कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती, आणि गुच्छाची बाजू घेण्यासाठी कुणाच्या नातवाला मध्ये ओढणं तिला जमलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "आण त्रिकालाहून."

पण उरानिया ऐकेना. तिने सासूला, नवऱ्याला आणि पाद्रीबाबांनाही एकच सांगितलं. नोनाच्या दुकानातला गुच्छ नसेल तर दुसरा नको. आता आमच्याकडे गुच्छ नवरी घेऊन येत नाही. नवरामुलगा तो हातात धरून चर्चच्या दाराशी नवरीची वाट बघतो आणि ती आली की तिच्या हातात देतो. म्हणजे लांब्रोस आख्ख्या गावासमोर मोकळे हात लोंबकळवत उभा राहणार. पोलिक्सेनीला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तोड काढली. फुलं असिमिनाची, दुकान असिमिनाचं, सांगणं असिमिनाचं. पण हात एका मुकुटाच्या बाईचे. आणि पोलिक्सेनी स्वतः समोर बसून बघणार.

"म्हणजे मी तोंडाने गुच्छ बांधायचा," असिमिना म्हणाली.

"तुझं तोंड पुरेसं चालतं," पोलिक्सेनी म्हणाली.

असिमिना हो म्हणाली, कारण नाही म्हणायला जास्त ताकद लागली असती.

एका मुकुटाची बाई शोधायला लांब जावं लागलं नाही. दुकानाच्या मागच्या गल्लीत स्तेर्यानी राहते, डोंगरी चहा आणि ओरेगानोच्या जुड्या बांधून विकते. एकदाच लग्न, नवरा जिवंत, मुकुट काचेच्या पेटीत शाबूत. एवढंच की तो नवरा, नासोस, अकरा वर्षं तिच्याशी बोललेला नाही. तिने त्याला न विचारता अक्रोडाचं झाड तोडून विकलं, तेव्हापासून. तो खालच्या मजल्यावर राहतो, ती वरच्या. बोलणं मांजरामार्फत चालतं. "जा गं मनू, सांग त्याला, सूप झालंय." खालून आवाज येतो, "सांग तिला, मीठ कमी घालायला." पण मुकुट अखंड तो अखंड. नशीबवान हात ते हेच.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी तिघी दुकानात जमल्या. बाहेर बर्फ गुडघ्याएवढं. आत शेगडी बंद. पोलिक्सेनी कोट न काढता खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर. स्तेर्यानीने बाह्या सरसावल्या. असिमिना टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या मास्तरासारखी.

पोलिक्सेनीने बादलीतली एक हिरवी डहाळी उचलून नाकाशी नेली. "हे सरू तर नाही ना? स्मशानातलं झाड माझ्या सुनेच्या हातात नको."

"फर आहे ती. सरू गुरुवारच्या चक्रात संपला."

पोलिक्सेनीने डहाळी झटकन परत ठेवली आणि बोटं कोटाला पुसली.

"हे बघ स्तेर्यानी," असिमिना सांगू लागली. "डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, यांची कडी कर. त्या कडीत देठ तिरपा ठेवायचा. दुसरा देठ त्याच्यावर, त्याच बाजूला तिरपा. प्रत्येक देठ एकाच बाजूला. ठेवलास की गुच्छ थोडा फिरवायचा. कडी सोडायची नाही. कडी सुटली की सगळं गेलं."

"एवढंच?" स्तेर्यानी म्हणाली. "मी दिवसाला दोनशे जुड्या बांधते."

आणि तिने खरंच बांधली. बघता बघता. गुलाब, बोंडं, पानं, सगळं उभं सरळ धरलं, देठ टेबलावर आपटून सारखे केले, सुतळीचे चार करकचून वेढे, आणि वर टांगायला फास. सवयीने तिने ती जुडी उलटीही धरली.

तिघी त्या जुडीकडे बघत राहिल्या.

"लग्न आहे की खोकल्याचं औषध?" पोलिक्सेनी म्हणाली.

स्तेर्यानी आधी हसली, मग असिमिना, आणि शेवटी पोलिक्सेनीलाही पर्स सावरावी लागली. हसता हसता असिमिनाला वाटलं, जूनपासून या दुकानात कुणी हसलंच नव्हतं. मग तिने सुतळी कापायला सांगितली. दोन गुलाबांच्या माना मोडल्या होत्या. एका बोंडाच्या चिंध्या झाल्या होत्या.

दुसऱ्या वेळी देठ तिरपे बसले, पण कधी डावीकडे, कधी उजवीकडे. गुच्छ फिरवला की तो उकलायचा. "तिकडे नाही. इकडे. तुझ्या इकडे नाही, माझ्या इकडे." असिमिनाचे हात पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत होते. तीस वर्षं जे बोटं आपोआप करत होती ते शब्दांत सांगायचं म्हणजे पोहणाऱ्याने काठावर बसून बुडणाऱ्याला शिकवण्यासारखं. तिला घाम आला, त्या थंडीत. पाय भरून आले. बसावंसं वाटत होतं. झोपावंसं वाटत होतं. मनात आलं, होऊ दे कसाही, कोण बघतंय. पण उरानिया बघणार होती.

आणखी तीन बोंडं गेली. आता नऊच उरली. प्रत्येक वेळी सुतळी कापताना देठही थोडे थोडे आखूड होत होते. आणखी एकदा कापले तर हातात धरायला काही राहणार नव्हतं.

"ही शेवटची," असिमिना म्हणाली. "आता घाई करू नकोस. नासोस खालून ओरडला तरी नको."

"तो ओरडला तर मी आनंदाने पडेन," स्तेर्यानी म्हणाली.

तिसऱ्या वेळी मात्र जमायला लागलं. एक देठ, जरा फिरव. एक देठ, जरा फिरव. गुलाब, पान, बोंड. बोंड जरा वर, गुलाबाच्या डोक्यावर नाही, शेजारी. फर बाहेरच्या कडेला. पोलिक्सेनी खुर्चीवरून पुढे झुकली होती. गुच्छ हळूहळू गोल होत होता, खांद्यावर बर्फ पडल्यासारखा पांढरा. शेवटचे तीन देठ राहिले असताना स्तेर्यानीचा चेहरा बदलला.

"असिमिना, अंगठा."

"काय झालं?"

"पेटका आलाय. आखडला. माझ्याने धरवत नाही. सुटतंय गं..."

चाळीस देठ एका अंगठ्याच्या आधारावर उभे होते. देठ सरकू लागले. एक बोंड खाली पडलं. आणि असिमिनाचे हात पाठीमागून पुढे आले. तिने आणले नाहीत, ते आले. डाव्या हाताने तिने स्तेर्यानीच्या हाताच्या खालून गुच्छाची मान पकडली, घट्ट, आणि स्तेर्यानीने आपला हात काढून घेतला.

चौकात कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं, तेवढाच आवाज.

काळ्या बाहीतून निघालेला हात आणि त्यात नवरीचा गुच्छ. पोलिक्सेनी उठून उभी राहिली. तिने पर्स उघडली, आत हात घातला, आणि आपले पांढरे हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"हे घाल," ती म्हणाली. "पटकन. मग हात लागला असं होणार नाही."

असिमिनाने मोज्यांकडे पाहिलं. "एक हात अडकलाय माझा. आणि दुसऱ्यात घालून फीत बांधता येणार नाही."

"मग स्तेर्यानी बांधेल."

"तिचा अंगठा बघ."

स्तेर्यानीने अंगठा दाखवला. तो खरंच लाकडासारखा झाला होता.

"पोलिक्सेनी," असिमिना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "तुझ्याशी भांडायचं बळ माझ्यात राहिलेलं नाही. तुला हवं असेल तर मी हात सोडते. सगळं टेबलावर पडेल, तू ते झाडूने गोळा कर, आणि मी घरी जाऊन झोपते. मला झोप हवीच आहे. पण मोजे घालून मी चोरासारखी माझ्या पोरीची फुलं बांधणार नाही. धरायचं तर या हातांनी. सांग, धरू की सोडू?"

पोलिक्सेनी त्या हाताकडे बघत राहिली. नखांच्या कडा हिरव्या झालेल्या, कातडी तडकलेली. मग ती खुर्चीत परत बसली, धप्पकन.

"थोरल्याचा तूच केला होतास," ती म्हणाली.

असिमिनाने गुच्छ दुसऱ्या हाताने सावरला.

"तेव्हा तुझा झिसिस चर्चमध्ये माझ्या नवऱ्याशेजारीच उभा होता. लाल टाय. सगळं नीट होतं तेव्हा. पलंग मी स्वतः पाच बायका निवडून घालून घेतला. एकीचाही मुकुट मोडका नव्हता." तिने नाक पुसलं. "ही तर," तिने स्तेर्यानीकडे हनुवटी केली, "मांजराशी संसार करते."

"मांजर ऐकतं तरी," स्तेर्यानी म्हणाली.

"बांध," पोलिक्सेनी म्हणाली. "बांध बाई, लवकर. माझे पाय बर्फ झालेत."

असिमिनाने उरलेले तीन देठ स्वतः घातले. पडलेलं बोंड उचलून बसवलं. फीत घेतली, तीन वेढे, गाठ, देठ एका रेषेत कापले. मग गुच्छ टेबलावर उभा करून तिने हात काढून घेतले. तो आपल्या देठांवर उभा राहिला, कशाच्याही आधाराशिवाय. नीट बांधलेल्या गुच्छाची हीच परीक्षा असते.

पोलिक्सेनी पुढे झाली आणि त्याच्यावर तीनदा हलकेच थुंकल्यासारखं केलं, दृष्ट लागू नये म्हणून. मग जरा थांबून तिने असिमिनाच्या हातांवरही केलं.

"पण बाहेर बोलायचं नाही," ती म्हणाली. "गुच्छ स्तेर्यानीने बांधला."

असिमिनाच्या सगळं ध्यानात आलं. म्हणजे काम आपलं, आणि दुकान तरी मयताचंच राहणार. पण भांडायला आता काही उरलंच नव्हतं. तिने फक्त मान हलवली आणि टेबल पुसायला घेतलं.

रविवारी दुपारी लग्न लागलं. नवरा जाऊन वर्ष व्हायच्या आत असिमिना चर्चमध्ये लग्नाला जाणार नव्हती. ती दुकानाच्या दारात उभी राहिली, अंगावर शाल घेऊन. तिथून सगळं दिसत होतं. लांब्रोस पायरीवर गुच्छ धरून उभा, कान थंडीने लाल. उरानिया बापाचा हात धरून चालत आली, आई मागे झग्याचा घोळ सावरत. लांब्रोसने गुच्छ दिला, कपाळाचं चुंबन घेतलं. उरानियाने गुच्छ घेतला आणि आत जायच्या आधी वळून चौकाच्या पलीकडे दुकानाकडे पाहिलं. नवरीने दारातून मागे वळायचं नसतं. पण ती वळली.

पायरीवर पाहुण्यांची गर्दी होती. त्यात पोलिक्सेनीची नणंद, लारिसाहून आलेली, मोठ्या आवाजाची. "काय गुच्छ आहे! कापूस घातलाय म्हणे. वहिनी, कुठल्या दुकानातला? त्रिकालाचा? माझ्या भाचीसाठी विचारते."

"इथलाच," पोलिक्सेनी म्हणाली. "आमच्या स्तेर्यानीने बांधला. एका मुकुटाची बाई आहे, हात चांगला."

बायकांनी स्तेर्यानीकडे पाहिलं. स्तेर्यानी लाल झाली. तिच्याकडे असं कुणी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मला नाही जमत असलं खोटं," ती म्हणाली. "देवाच्या पायरीवर उभी आहे मी. मला चहाच्या जुड्या बांधता येतात. हा असिमिनाने बांधलाय. तिच्या हातांनी. मी तिथे होते आणि ही पण होती."

सगळे पोलिक्सेनीकडे वळले. असिमिना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला वाटलं, आता आत जावं आणि दार लावून घ्यावं. पण पाय हलेनात.

पोलिक्सेनीने पर्स पोटाशी घट्ट धरली. तिची मान तांबडी झाली. मग तिने चौकाच्या पलीकडे, सरळ दुकानाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चर्चमधल्या गायकांपेक्षा मोठा निघाला. "असिमिनाने बांधलाय. मी बघत होते. आणि मीच बांध म्हटलं. कुणाला काही विचारायचंय?"

आतून पाद्रीबाबांचा आवाज सुरू झाला आणि सगळे आत गेले. स्तेर्यानी शेवटी गेली. जाताना तिने असिमिनाकडे बघून खांदे उडवले, म्हणजे काय करू, निघून गेलं तोंडातून.

असिमिना आत येऊन उलट्या बादलीवर बसली. चौकावर पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. दमल्यावर रडूसुद्धा येत नाही. पाय लांब केले, बुटाच्या नाड्या सैल केल्या. त्या पूर्ण सोडायलाही वाकवेना.

दार वाजलं. पोस्टातल्या थानासिसची बायको, तीच, जी ऑगस्टपासून चिनाराच्या पलीकडून जात होती. ती अंगावरचं बर्फ झटकत आत आली, लग्नाच्या कपड्यांत, मध्येच उठून आलेली. तिने आधी फुलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"असिमिना, धाकटीचं ईस्टरनंतर ठरलंय," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी तुला विचारावं."

असिमिनाने डोळे मिटले, उघडले.

"उद्या ये," ती म्हणाली. "उद्या सकाळी बसू. आज माझ्याने एक पाकळीही उचलवत नाही. जाताना दार ओढून घे, आणि बाहेरची पाटी उलटी कर."